गेमचं निमंत्रण द्यायचं कधी? सीमेवरच्या हातांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ब्रिजच्या टीम सामन्यांसाठी भिडूबरोबरची आमची बोलीची वही (कुठल्या हातावर काय बोलायचं ते ठरवलेली) नव्याने लिहायला घेतली आहे. बाकीची पानं थोडी डागडुजी केली की चालतील. अडतंय ते एकाच पानावर. हात पार्टस्कोअरला (गेमपेक्षा खालच्या बोलीवर) थांबण्यापेक्षा जरा जास्त आणि सरळ गेम (मोठा बोनस देणारी बोली, उदाहरणार्थ ४ इस्पिक किंवा ३ नो-ट्रम्प) बोलण्यापेक्षा जरा कमी असला, की भिडूला विचारायचं का, म्हणजे गेमचं निमंत्रण द्यायचं का? आजवर यावर आमच्यात लेखी काही नव्हतं. 'हात बरा असेल तर विचार' एवढ्यावर काम चाललं होतं, पण 'बरा' म्हणजे काय ते दोघांच्या डोक्यात वेगवेगळं असणार. ते एका पानावर, आकड्यांसकट उतरवायचं, हा प्रकल्प.

प्रश्न तीन जागी येतो. भिडूच्या १५ ते १७ पॉइंटांच्या १ नो-ट्रम्पसमोर (नो-ट्रम्प म्हणजे हुकूम नसलेला डाव) ८-९ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). १ इस्पिक, २ इस्पिक अशी बोली झाल्यावर किमानपेक्षा बरा असलेला ओपनर (पहिली बोली देणारा). आणि भिडूच्या मेजरला (इस्पिक किंवा बदाम) आधार असलेला १०-११ पॉइंटांचा हात. तिसऱ्या जागी आमचं जमतं: चार पत्त्यांचा आधार असेल तर उडी मारून तीन, तीन पत्त्यांचा असेल तर आधी दुसरी बोली आणि मग आधार. त्यावर वेळ घालवायचा नाही. पहिल्या दोन जागा नीट तपासायच्या.

७ जानेवारी

आधी गुणांचं गणित, कारण सीमा कुठे आहे ते तिथेच ठरतं.

व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना) ४ इस्पिक, म्हणजे दहा दस्त, बोलून केले तर ६२० गुण. तेच दहा दस्त पार्टस्कोअरमध्ये केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीम सामन्यात गुणांचा फरक ज्यात बदलून मोजतात ते एकक). उलट गेम एकाने बुडाला तर उणे १००, आणि पार्टस्कोअरला थांबलेल्यांना त्याच नऊ दस्तांचे १४०. फरक २४०, म्हणजे ६ इम्प. दहा मिळवायला सहा पणाला लावायचे, तर १६पैकी ६ वेळा गेम झाला की बरोबरी. हे झाले ३७.५ टक्के.

व्हल्नरेबल नसताना ४२० विरुद्ध १७०, फरक २५०, ६ इम्प. बुडाल्यावर उणे ५० विरुद्ध १४०, फरक १९०, ५ इम्प. ११पैकी ५, म्हणजे साधारण ४५ टक्के. ३ नो-ट्रम्पसाठीही इम्प हेच येतात.

मॅचपॉइंटवर (जोड्यांच्या स्पर्धेतली गुणपद्धत) जिंकलेला डाव किती फरकाने जिंकला याला किंमत नाही, त्यामुळे तिथे सीमा जवळपास ५० टक्क्यांवर. आमची वही टीमसाठी आहे, म्हणून मॅचपॉइंटची एकच ओळ: निम्म्याहून कमी शक्यतेच्या गेममागे जायचं नाही.

१९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, तेव्हा व्हल्नरेबिलिटी तिच्यात आणली. आज आपण पॉइंट मोजतो तितक्याच गांभीर्याने बोर्डाचा रंग (व्हल्नरेबल आहोत की नाही ते सांगणारा) बघायला हवा, असं मला या आकड्यांनंतर ठामपणे वाटतं. तोच हात, तोच भिडू आणि निर्णय मात्र उलटा, हे फक्त रंगामुळे होऊ शकतं.

८ जानेवारी

३७.५ आणि ४५ हे आकडे प्रत्यक्ष टेबलावर कसे दिसतात ते लिहून ठेवलं, म्हणजे डमी (डाव खेळणाऱ्याच्या भिडूचा उघडा हात) खाली आल्यावर गेम योग्य होता का ते लगेच कळेल.

एक फिनेस (मोठा पत्ता अमुक प्रतिस्पर्ध्याकडे आहे असं धरून खेळणं): ५० टक्के. व्हल्नरेबल असो वा नसो, चालतो. बाहेर पाच पत्ते असताना ते ३-२ वाटले जाणं: ६८ टक्के, छान गेम. दोनपैकी कोणताही एक फिनेस लागला तरी पुरे: ७५. दोन्ही लागायलाच हवेत: २५, वाईट. बाहेरचे सहा पत्ते ३-३ वाटले जाणं: ३५.५, म्हणजे व्हल्नरेबल असतानाही जरासा कमीच. फिनेस लागायला हवा आणि शिवाय रंग ३-२ वाटला जायला हवा: ३४.

शेवटचे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवायचे. 'व्हल्नरेबल आहोत, बोलून टाक' असं म्हणताना ज्या गेममध्ये पोहोचतो, त्यातले बरेच नेमके या जातीचे असतात: एक फिनेस आणि वर एक चांगली वाटणी. ते सीमेच्या किंचित खाली आहेत. भरीस बचावाने काही चुकीची उतारी (दस्तातला पहिला पत्ता) केली तर ते वर येतात. बचावाला बोलीतून माहिती मिळाली असेल तर आणखी खाली जातात.

११ जानेवारी

आजची नोंद लांब होणार, कारण माझ्या मते मुद्द्याचं सगळं इथे आहे.

परवाचं गणित 'गेम बोलावा की पार्टस्कोअर' याचं आहे, 'विचारावं का' याचं नाही. विचारायची स्वतंत्र किंमत पडते. १ नो-ट्रम्पवर पास केला असता तर सात दस्तांत ९० मिळाले असते. विचारलं, भिडू नाही म्हणाला, २ नो-ट्रम्पवर थांबलो आणि सातच दस्त झाले तर उणे ५०. फरक १४०, ४ इम्प. व्हल्नरेबल असताना फरक १९०, ५ इम्प. मेजरमध्येही तसंच: २ इस्पिक करून ११० मिळत होते तिथे ३ इस्पिक बुडाले, तर ४ किंवा ५ इम्प गेले. हे नुकसान भिडू नकार देतो तेव्हाच होतं, आणि नकार तर बहुतेक वेळा येतो.

किती वेळा? सगळ्या वाटपांत १५ पॉइंट सुमारे ४.४ टक्के हातांत येतात, १६ सुमारे ३.३ आणि १७ सुमारे २.४. म्हणजे भिडूने १ नो-ट्रम्प म्हटलं की त्याच्याकडे १५ असण्याची शक्यता ४४ टक्के, १६ची ३३, १७ची २३. '१५ ते १७' म्हणताना मनात १६ येतात, पण सर्वांत जास्त वेळा त्याच्याकडे १५ असतात.

आता हा हात घ्या. इस्पिक राणी-७-४, बदाम राजा-६-३, चौकट राणी-५-३-२, किलवर गुलाम-८-४. आठ पॉइंट, सपाट (लांब रंग नसलेला), एकही दश्शी नाही. विचारलं आणि भिडू १७वरच हो म्हणाला, तर गेम २३ टक्के वेळा. पंचवीस पॉइंटांवर ३ नो-ट्रम्प ५५ टक्के वेळा होतात असं गृहीत धरू. व्हल्नरेबल असताना अशा गेमचा सरासरी फायदा ५.५ वजा २.७, म्हणजे २.८ इम्प. त्याचे २३ टक्के म्हणजे डावामागे साधारण ०.६४. उरलेल्या ७७ टक्के वेळा २ नो-ट्रम्प. त्यात पाचपैकी एकदा सातच दस्त होतात असं धरलं, तर नुकसान ०.७७ गुणिले ०.२ गुणिले ५, म्हणजे ०.७७ इम्प. विचारून तोटा. व्हल्नरेबल नसताना फायदा ०.२४पर्यंत उतरतो आणि नुकसान ०.६२ राहतं, म्हणजे तोटा आणखी मोठा.

५५ टक्के आणि पाचपैकी एक हे माझे अंदाज आहेत. ते थोडे इकडेतिकडे केले तरी सपाट आठ फायद्यात नेणं अवघड आहे. पानावर ठळक लिहिलं: सपाट ८, पास, बोर्डाचा रंग कुठलाही असो.

आता नऊ पॉइंटांचा हात. एकूण २४, २५ किंवा २६. यात ५६ टक्के वेळा एकूण २५ किंवा जास्त. उरलेल्या ४४ टक्के वेळा २४ पॉइंट असतात, तिथे ३ नो-ट्रम्पची शक्यता ४५ टक्के धरली तर व्हल्नरेबल असताना ४.५ वजा ३.३, म्हणजे अजूनही १.२ने पुढे. मग विचारायचं कशाला? भिडूकडे किमान असतानाही गेम हवाच असेल, तर त्याच्या उत्तराने काही बदलत नाही. व्हल्नरेबल, ९ पॉइंट: सरळ ३ नो-ट्रम्प.

विचारण्याचा अर्थ तिथेच, जिथे 'हो'ला गेम हवा असतो आणि 'नाही'ला नको असतो. ही खिडकी वाटते त्यापेक्षा खूप अरुंद आहे.

१२ जानेवारी

भिडूशी फोनवर बोलणं झालं. सपाट आठ त्याला पटलं. व्हल्नरेबल नसतानाच्या नऊवर तो अडला. "किमानासमोर तुझ्याच आकड्यांनी तिथे काहीच हाती लागत नाही. मग विचारलं तर काय बिघडलं?" आकडा खरा आहे: २.७ वजा २.७५. गेम आणि पार्टस्कोअर जवळपास सारखे.

पण विचारण्याने बचावाला माहिती जाते. आमच्या पद्धतीत २ नो-ट्रम्प ही ट्रान्स्फर (भिडूला दुसऱ्या रंगाची बोली द्यायला लावणारी बोली) आहे, त्यामुळे निमंत्रण २ किलवरच्या (चार पत्त्यांचा मेजर आहे का, असं विचारणाऱ्या बोलीच्या) वाटेने जातं. ओपनर बदाम किंवा इस्पिकची बोली देतो आणि उतारी करणाऱ्याला फुकटात कळतं की त्याच्याकडे त्या रंगाचे चार पत्ते आहेत की नाहीत. शिवाय निमंत्रण देऊन तीनवर गेलेली जोडी काठावर आहे, हेही टेबलावर जाहीर होतं. वाटणी वाईट दिसली की डबल (दंड वाढवणारी बोली) येतो. १ नो-ट्रम्प, ३ नो-ट्रम्प या बोलीत असं काहीच कळत नाही; उतारी अंधारात होते.

तडजोड अशी लिहिली: व्हल्नरेबल नसताना नवात पाच पत्त्यांचा रंग किंवा दश्श्या-नव्व्या असतील तर सरळ तीन, राण्या-गुलामांनी भरलेले सपाट नऊ असतील तर निमंत्रण. आणि व्हल्नरेबल असो वा नसो, निमंत्रण देण्याजोगा आठ म्हणजे असा: इस्पिक १०-९-५, बदाम ८-४, चौकट राजा-गुलाम-१०-९-३, किलवर एक्का-१०-२. पॉइंट तेवढेच आठ. पण चौकट चालली की एकट्या त्या रंगात चार दस्त होऊ शकतात, आणि किलवरच्या एक्क्यामुळे तिथे पोहोचायला वाट आहे.

१५ जानेवारी

स्वीकार कोणी कधी करायचा. पानावरचा सर्वांत महत्त्वाचा नियम हा असावा असं मला वाटतं, आणि बहुतेक जोड्या यावर बोललेल्याच नसतात.

व्हल्नरेबल असताना सीमा खाली येते, म्हणजे कुठेतरी अर्धा-एक पॉइंट सोडायला हवा. कोणी सोडायचा? दोघांनी सोडला तर २३ पॉइंटांवर गेममध्ये पोहोचतो. दोघेही 'तो सोडेल' म्हणून थांबले तर बोलण्याजोगे गेम राहून जातात. एकानेच सोडायचा, आणि तो एक कोण हे आधी ठरलेलं हवं.

विचारणाऱ्याने सोडला तर? तो हलक्या हातावर विचारेल, आणि भिडूच्या प्रत्येक नकाराला आपण एक पायरी वर अडकू. ४-५ इम्पचा तो खर्च दर वेळी. उत्तर देणाऱ्याने सोडला तर पायरी आधीच चढलेली असते. आता प्रश्न फक्त तिथून गेमपर्यंतचा. २ नो-ट्रम्प आणि ३ नो-ट्रम्प यांत तोच फरक, पण निमंत्रणामागे पक्का हात असल्यामुळे नकाराचे डावही सुखरूप होतात.

म्हणून: निमंत्रण पूर्ण ताकदीवर, स्वीकार सढळ. बोर्डाच्या रंगाची सवलत उत्तर देणाऱ्याने घ्यायची, विचारणाऱ्याने कधीच नाही.

दोन सोळा लिहून ठेवले. पहिला: इस्पिक एक्का-६, बदाम राजा-१०-५, चौकट राजा-राणी-१०-९-४, किलवर एक्का-७-२. बोर्डाच्या कुठल्याही रंगात स्वीकार. दुसरा: इस्पिक राजा-गुलाम-४-२, बदाम राणी-गुलाम-५, चौकट एक्का-राणी-३, किलवर राजा-६-२. व्हल्नरेबल असताना स्वीकार, नसताना नकार. पंधरावर पाच पत्त्यांचा धडधाकट रंग असेल तरच, आणि तोही व्हल्नरेबल असतानाच.

१९ जानेवारी

आता मेजर. ओपनरचा हात: इस्पिक एक्का-राजा-८-७-४, बदाम ६, चौकट राजा-९-५-३, किलवर एक्का-८-४. बोली १ इस्पिक, २ इस्पिक. पुढे काय?

पॉइंट चौदाच, पण लूझर (हातातून जाऊ शकणारे दस्त) मोजले तर इस्पिकमध्ये एक, बदामात एक, चौकटीत दोन, किलवरात दोन: सहा. दोनचा आधार देणारा हात साधारण नऊ लूझरचा. दोन्ही हातांचे मिळून १५; २४मधून ते वजा केले की नऊ दस्त. पाच लूझर असते तर सरळ चार, सात असते तर पास. सहा म्हणजे विचारण्याची जागा.

भिडूकडे हे दोन हात कल्पिले.

पहिला: इस्पिक राणी-९-३, बदाम राजा-गुलाम-७-२, चौकट ८-६-२, किलवर राणी-७-५. आठ पॉइंट, नऊ लूझर.

दुसरा: इस्पिक राणी-९-३, बदाम ८-७-५-२, चौकट एक्का-२, किलवर गुलाम-७-५-२. सात पॉइंट, नऊ लूझर.

पॉइंट मोजले तर पहिला वरचढ. लूझर मोजले तर दोघे सारखे. पत्ते मांडून बघितलं की चित्र उलटं. पहिल्यात बदामचे राजा-गुलाम आपल्या एकट्या छक्कीसमोर पडून आहेत, आणि चौकटीत आपण तीन दस्तही देऊ शकतो. चार सोडाच, तीन इस्पिकलाही घाम फुटतो. दुसऱ्यात बदामचा एक आणि किलवरचे दोन, एवढेच दस्त जातात. चौकटीचा एक्का-राजा वाजवून उरलेल्या दोन चौकटी डमीत कापायच्या. हुकूम ३-२ वाटले गेले आणि कापाकापीत कोणी वरून मारलं नाही, की दहा दस्त.

म्हणून ओपनरने इथे ३ इस्पिक म्हणायचं नाही. ते म्हटलं तर भिडू पॉइंट मोजतो, आणि पॉइंट इथे चुकीच्या हाताकडे बोट दाखवतात. ३ चौकट म्हणायचं: या रंगात मला मदत हवी, आहे का? पहिला हात तीन फुकट पत्ते बघून ३ इस्पिकवर येतो. दुसरा एक्का-दुर्री बघून न थांबता चार बोलतो.

मिल्टन वर्क यांची ४-३-२-१ची मोजणी सपाट हातांना आणि नो-ट्रम्पला छान बसते. मेजरच्या काठावरच्या हातांत मात्र पॉइंट किती यापेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. राजा-राणीची खरी किंमत समोरच्या रंगाच्या लांबीवर ठरते, आणि ती समोरच्यालाच माहीत असते. म्हणून विचारायचं तर नेमकं विचारायचं.

मदतीची व्याख्या अशी ठरली: एक्का, राजा किंवा त्या रंगात दोनहून जास्त पत्ते नसणं (हुकूम तीन तरी हवेत) म्हणजे मदत आहे. तीन-चार फुकट पत्ते म्हणजे नाही. राणी तिसरी (राणी आणि दोन लहान पत्ते) मधली. तिच्यासाठी वेगळी तजवीज लागेल.

२२ जानेवारी

प्रतिस्पर्धी मध्ये बोलले की सगळं बदलतं. १ इस्पिक, २ बदाम, २ इस्पिक, ३ बदाम, आणि आता ओपनर. मध्ये एकही बोली शिल्लक नाही. ३ इस्पिक हे फक्त डाव त्यांना न देण्यासाठी, निमंत्रणासाठी डबल. त्यांचा रंग चौकट असता तर ३ बदाम ही बोली मोकळी असते, तीच निमंत्रण, डबल दंडासाठी. हे पूर्वीपासून असंच खेळतो, पण लिहिलेलं नव्हतं.

एक जोड: उजवीकडच्याने बोललेल्या रंगातला आपला राजा वधारतो, एक्का बहुधा त्याच्याकडेच असतो आणि तो आपल्या आधी खेळतो. डावीकडच्याने तोच रंग बोलला तर तोच राजा निम्म्या किमतीचा. निमंत्रण द्यायचं का ते यावर पलटू शकतं.

२६ जानेवारी

जुने डाव डबल-डमी प्रोग्राममध्ये घातले. बो हॅग्लंड यांनी लिहिलेला सॉल्व्हर आत असणारी बरीच साधनं फुकट मिळतात. उपयोग आहे, पण त्याचं उत्तर कसं वाचायचं ते ठरवलं. तो चारही हात बघून खेळतो. राणी कुणाकडे आहे हे त्याला कधी चुकत नाही, आणि उतारीही त्याची कधी चुकत नाही. ३ नो-ट्रम्पमध्ये पहिली उतारी अंदाजाने होते, तिथे माणसांच्या टेबलावर डिक्लेररला (डाव खेळणाऱ्याला) प्रोग्रामच्या आकड्यापेक्षा बरं निघतं. म्हणून तो 'आठच दस्त' म्हणाला म्हणून गेम चुकीचा ठरत नाही.

डावांच्या तक्त्यात 'झाला/बुडाला' हा रकाना काढून 'काय लागत होतं' हा घातला: एक फिनेस, ३-२, दोन्ही, वगैरे. ८ तारखेची यादी तिथे कामाला येते. बुडालेला ५० टक्क्यांचा गेम तक्त्यात बरोबर म्हणूनच जातो, आणि झालेला २५ टक्क्यांचा चूक म्हणून.

२ फेब्रुवारी

राणी तिसरीची तजवीज झाली. भिडूचीच कल्पना.

१ इस्पिक, २ इस्पिक, ३ चौकट. आता उत्तर देणाऱ्याकडे: इस्पिक राणी-९-३, बदाम राजा-गुलाम-७-२, चौकट राणी-८-२, किलवर ७-५-४. मदत अर्धवट, बाकीची ताकद बदामात. त्याने एकट्याने ठरवायचं नाही. ३ बदाम म्हणायचं. अर्थ: चौकटीत थोडं आहे, बदामात बरंच आहे, आता तू बघ. १९ तारखेचा ओपनर आपली एकटी छक्की बघून ३ इस्पिक म्हणतो आणि थांबतो. तोच ओपनर बदाम एक्का-८-४ आणि किलवर ६ असा असता, तर बदामचा राजा-गुलाम त्याला सोन्यासारखा, सरळ चार.

ही सोय ३ किलवर आणि ३ चौकट या प्रश्नांनंतरच मिळते. ३ बदामनंतर जागा उरत नाही, तिथे उत्तर हो किंवा नाही. बदाम हुकूम असेल तर ३ चौकटीनंतरही हीच अडचण, म्हणून तिथे राणी तिसरीला मदत धरायचं, पण व्हल्नरेबल असतानाच. नसताना ३ बदाम.

पान आता दोन्ही बाजूंनी भरलं आहे. पुढचं काम मायनर रंगांतल्या (चौकट, किलवर) निमंत्रणांचं: १ चौकट, ३ चौकटवरून ३ नो-ट्रम्पला कधी जायचं. तिथे इम्पचं गणित वरच्याच रीतीने मांडता येईल, पण मदतीची व्याख्या नव्याने लिहावी लागेल, कारण प्रश्न स्टॉपरचा (प्रतिस्पर्ध्यांचा रंग अडवणाऱ्या पत्त्याचा) असतो.